हलूनका काका आणि न भिजणारा घेवडा

आमच्या घरी दूध उतू जातं ते नेहमी एकाच कारणाने. मी ओट्यापाशी उभी असते, दूध समोर असतं, आणि नेमका तेव्हाच नवऱ्याला मोजा सापडत नाही. त्या सकाळीही तो आतून ओरडला, "अगं, माझा दुसरा मोजा कुठाय?"

"पहिला सापडला का?"

"तो पायात आहे."

"मग अर्धं काम झालंय. चालू ठेव."

सासूबाई बाल्कनीच्या दारात, उन्हात पाय सोडून, ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. तांदळाच्या पाकिटावर 'स्वच्छ, निवडलेला' असं छापलेलं असतं, पण त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "ज्याने छापलं त्याने निवडला का?" असं विचारतात. त्यांच्यासमोर कुठलंही धान्य आलं की त्यांची बोटं आपोआप चालू होतात. एकीकडे पेपरातल्या बातमीवर बोलत असतात, सुनेच्या चहाला नावं ठेवत असतात, आणि बोटं खडे वेचत असतात.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

बेल असताना बोटाच्या पेराने दार वाजवणारा माणूस आमच्या इमारतीत एकच आहे. वरच्या मजल्यावरचे काका. त्यांचं म्हणणं, घंटेने माणूस दचकतो, दचकला की हलतो, आणि हलला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. कसलं सगळं, ते विचारू नये. विचारलं की चहा गार होईपर्यंत सांगतात.

दार उघडलं तर काका छातीशी एक पांढरा प्लास्टिकचा डबा दोन्ही हातांनी धरून उभे. शर्टाची बटणं एक घर चुकलेली.

"सूनबाई, दूध," ते म्हणाले.

मी वळून बघेपर्यंत ते ओट्यावरून खाली उतरलं होतं.

मी फडकं शोधत म्हटलं, "बसा काका. उरलेल्या दुधात चहा टाकते."

"चहा नको. एक विचारायचंय. खरं सांगायचं. माझं मन राखायला काही बोलायचं नाही."

"विचारा ना."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बोट केलं. "यात काय होतं?"

"काका, डबा तुमचा आहे."

"म्हणून तर विचारतोय."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. जिना चढून आल्यावर आपण कशाला आलो तेच विसरलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता तो.

काका कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर या डब्याचा काही उलगडा व्हायचा नाही. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते टपालवाल्यालाच ठाऊक. इमारतीत सगळे त्यांना हलूनका काका म्हणतात. तरुणपणी ते इस्पितळात स्ट्रेचर ढकलायचे. मग एक्स-रेच्या खोलीत फिल्म धुवायला लागले, नोकरी करता करता परीक्षा दिल्या, आणि इस्पितळात एमआरआयचं यंत्र आलं तेव्हा काचेमागच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून निम्मं आयुष्य ते बोगद्यात झोपलेल्या घाबऱ्याघुबऱ्या माणसांशी मायकवरून बोलत राहिले. "छान चाललंय. हलू नका. थोडंच राहिलंय."

सासूबाईंच्या गुडघ्याचं चित्र त्यांनीच काढलं होतं. सासूबाई अजून सांगतात, "आत नुसती ठोकाठोकी. कुणी डोक्यावर भांडी घासतंय असं वाटावं. आणि मधूनच भावजींचा आवाज, वहिनी, थोडंच राहिलंय. इतक्या वेळा म्हणाले की मला वाटलं, हे गुडघ्याचं बोलतच नाहीयेत."

त्या यंत्रात चित्र कसं उमटतं हे काकांनी मला अनेकदा समजावलंय आणि दर वेळी मला वेगळंच काहीतरी कळलंय. माझ्यापुरतं मी असं धरून चालते की आपल्या अंगात जिथे तिथे पाणी आहे, चुंबकाने हाक मारली की ते ओ देतं, आणि कुठून किती जोरात ओ आली त्यावरून आतलं चित्र तयार होतं. मोकळं पाणी मोठ्याने ओ देतं, अडकलेलं पाणी पुटपुटतं. आणि ओ ऐकून होईपर्यंत माणसाने हलायचं नाही.

मग इस्पितळाने नवं यंत्र घेतलं. जुनं यंत्र अन्नसंशोधन संस्थेने मागून नेलं. या यंत्राच्या खोड्या ठाऊक असलेला माणूस एकच, म्हणून त्यांनी काकांनाही मागितलं. काका म्हणतात, "वस्तू देताना वायर देतात ना सोबत, तसं मला दिलं."

तिथे बोगद्यात माणसं जात नाहीत. सफरचंद जातं, चीज जातं, बर्फातली मासळी जाते. पहिल्या दिवशी पाव होता. काकांनी पाव आत सरकवला, दार लावलं, खुर्चीत बसले, आणि सवयीने मायकचं बटण दाबून म्हणाले, "छान. हलू नका. थोडंच राहिलंय." सगळी खोली हसली. पावाला अहोजाहो करणारा माणूस म्हणून त्यांची तिथे ख्याती झाली. आमच्याकडे ती काकूंनी आणली. काकू म्हणजे त्यांची बायको. घरीच शिवणकाम करतात, तोंडात टाचण्या धरूनही बोलू शकतात. त्या म्हणाल्या, "जन्मभर लोकांना हलू नका, हलू नका. घरी आले की स्वतःच हलत नाहीत. खुर्चीवरून उठवायला मला मायक आणावा लागेल."

पण काकांना हसू येत नव्हतं. तेव्हापासूनच ते थोडे गोंधळलेले असायचे. एकदा जिन्यात भेटले आणि हातातल्या पिशव्या खाली ठेवून मला म्हणाले, "सूनबाई, माझं आयुष्य हलणाऱ्यांना गप्प करण्यात गेलं. हललं की चित्र पुसट, चित्र पुसट म्हणजे माझी चूक. आणि आता मॅडम म्हणतात, काका, आपल्याला हालचालच बघायचीय."

"कुणाची हालचाल?"

"पाण्याची. पाव शिळा होतो तो वाळतो म्हणून, असं म्हणतो ना आपण? पाणी बरंचसं आतच असतं म्हणे. मधल्या मऊ भागातून निघून कडेला जातं. जागा बदलतं."

"मग हलायचं की नाही?"

ते विचार करून म्हणाले, "पावाने हलायचं नाही. पावातल्या पाण्याने हलायचं."

त्या दिवसापासून मी पावाकडे जरा संशयानेच बघते.

मॅडम म्हणजे तिथल्या प्रमुख. वयाने काकांच्या लेकीएवढ्या, पण काका त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. अलीकडे मॅडमनी घेवडा घेतला होता. लाल घेवड्याचे दाणे, आपण रात्री भिजत घालतो तेच. कोरडा दाणा चित्रात काळा दिसतो, जणू तिथे काही नाहीच. भिजत घातल्यावर थोड्या थोड्या वेळाने काढायचा, पुसायचा, नळीत ठेवून चित्र घ्यायचं. काका सांगायचे की पाणी चारी बाजूंनी आत शिरतं हा आपला भ्रम आहे. ते आधी दाण्याच्या डोळ्याशी जातं, म्हणजे तो शेंगेला चिकटलेला असतो तिथे, तिथून सालीखाली धावतं, दोन दलांमधल्या फटीत उतरतं, आणि मग हळूहळू गाभ्यात. चित्रात आधी एक पांढरा धागा दिसतो आणि मग उजाडत जावं तसा दाणा उजळतो. हे सांगताना त्यांचे हात हवेत दाणा काढायचे. मला तेव्हा ते काय म्हणताहेत ते पहिल्यांदाच कळल्यासारखं वाटायचं.

आणि काही दाणे उजळतच नाहीत. कितीही भिजवा, काळेच. गरम कोरड्या जागी फार दिवस राहिलेल्या घेवड्यात असे पुष्कळ निघतात. आपण त्यांना गणंग म्हणतो आणि जेवताना दाताखाली आला की सुनेकडे बघतो. मॅडमना हेच गणंग हवे होते. त्यांना पाणी नेमकं कुठे अडतं ते शोधायचं होतं. म्हणून संस्थेच्या गरम कपाटात एक डबा महिनोन्महिने मुद्दाम ठेवला होता. तोच हा डबा.

कपाट दुरुस्तीला गेलं तेव्हा डबा सांभाळायची जबाबदारी काकांनी अंगावर घेतली. त्यांच्या घरात न्हाणीघराची ओल भिंतीवर चढलेली, आणि डब्याला ओल लागून चालणार नव्हती. म्हणून तो आमच्याकडे आला. माझ्या ओट्यावरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, जिथे सगळं कोरडं राहतं. "हात लावायचा नाही," काका म्हणाले होते, आणि मी नवऱ्याला बजावून सांगितलं होतं, कारण या घरात दिसेल तो डबा उघडून खाणारा तोच. शनिवार-रविवार डबा राहिला, सोमवारी काका घेऊन गेले. प्रकरण संपलं असं मी समजत होते.

"काय झालं काका?" मी विचारलं. नवरा एकच मोजा घालून बाहेर आला होता, तोही थांबला.

"सगळे भिजले," काका म्हणाले.

"मग चांगलं झालं की," नवरा म्हणाला.

"चांगलं कसं? यातले निम्मे तरी भिजायला नको होते. आधीच्या वेळी मी स्वतः बघितलंय. काळे, ठार काळे. आता त्याच डब्यातले काढतो, भिजवतो, चित्र काढतो, तर सगळे उजळ. मॅडम म्हणाल्या, काका, डबा नक्की हाच ना? मी म्हटलं, हाच. पुन्हा केलं. पुन्हा उजळ."

"डबा बदलला असेल," मी म्हटलं. "आमच्याकडे असेच पांढरे डबे आहेत."

त्यांनी डबा फिरवून दाखवला. मागे संस्थेची पट्टी होती, त्यांच्याच अक्षरातली. डबा तोच होता. मी झाकण उघडलं. आत लाल घेवडा होता, एकसारखा, टपोरा. डबा बराच रिकामा वाटला, पण काकांनी त्यातले काढलेही होते, तेव्हा त्यावरून काही ठरत नव्हतं.

"मॅडम रागावल्या का?"

"रागावल्या असत्या तर बरं झालं असतं." ते बटणाशी चाळा करायला लागले आणि ते चुकलंय हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "म्हणाल्या, तुम्ही थकला असाल. उद्याचा दिवस घरी थांबा, मग थोडे दिवस नुसते नमुने भिजवा, यंत्रावर दुसरं कुणी बसेल. अगदी गोड बोलल्या. सूनबाई, तुम्हाला माझ्या थोरल्या भावाचं माहितीये. त्याची सुरुवात अशीच झाली होती. त्यालाही सगळे गोड बोलायला लागले होते."

माहिती होतं. तो भाऊ शेवटी शेवटी काकांकडेच बोट दाखवून स्वतःच्या बायकोला विचारायचा, हा पाहुणा जेवायला थांबणार आहे का.

"म्हणून म्हणतोय," काका म्हणाले, "खरं सांगा. मी त्या दिवशी डबा ठेवायला आलो तेव्हा काही विसरल्यासारखा वागलो का? इथे बसून डबा उघडला का मी? दाणे बदलले का? माझ्याकडून काहीतरी झालंय आणि मला आठवत नाहीये, असं असू शकतं ना?"

मी त्या शुक्रवारचा विचार करायला लागले आणि घोळ झाला. काका आले होते हे आठवत होतं. बसले का? चहा घेतला का? आधी वाटलं घेतला, मग वाटलं तो त्याच्या आधीचा. नवरा म्हणाला, "डबा मी ठेवला फळीवर," आणि मला स्पष्ट आठवत होतं की मी ठेवला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. एका डब्याची साधी गोष्ट, आणि तिघांची तीन चित्रं, तिन्ही पुसट.

"बघा," काका म्हणाले, "तुम्ही पण हललात."

तेव्हा बाल्कनीच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "कुठला डबा रे?"

त्या आठवड्यात सासूबाई माझ्या नणंदेकडे होत्या. रविवारी दुपारी परतल्या. म्हणजे हात लावू नका हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्या नव्हत्याच.

"आई, रविवारी आल्यावर तुम्ही फळीवरचा घेवडा बघितला होता का?"

"घेवडा?" त्यांची बोटं तांदळात चालूच होती. "असेल बघितला."

"निवडला का?"

"मला काय आठवतंय? हातात आला असेल तर निवडला असेल. न निवडता ठेवीन का मी?"

"अहो पण कुठला? आपला की हा?"

त्यांनी चष्मा वर केला. "आपला कुठला आणि हा कुठला? डबा पांढरा, घेवडा लाल. त्यावर लिहिलं होतं का, म्हातारीने हात लावू नये?"

"मागे पट्टी होती, आई."

"मागे. धान्य कुणी मागून बघतं का?"

काका खुर्चीच्या कडेला आले होते. अगदी हळू, मायकवरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "वहिनी, निवडताना तुम्ही काय काढून टाकता?"

"काय म्हणजे? खडे. किडके. आणि ते बारके, गडद, तुकतुकीत असतात ना, ते. शिजत नाहीत मेले. गणंग. घरात माणसं जेवायची असतात, दात पाडायचेत का त्यांचे?"

नवऱ्याने तेवढ्यात दुसरा मोजा पहिल्याच पायात, पहिल्या मोज्याच्या आत सापडला असं हळूच जाहीर केलं. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"आणि काढलेले कुठे टाकता?" काकांनी विचारलं.

सासूबाईंनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि बाल्कनीतल्या कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट केलं. त्या कुंडीत कधीकाळी गुलाब होता. आता त्यात सासूबाई धान्यातलं काढलेलं सगळं टाकतात. मातीत पडलं तर उगवेल, वाया कशाला घालवा, हे त्यांचं तत्त्व. आणि रोज सकाळी न चुकता पाणी घालतात.

काका गुडघ्यावर बसले. मी चमचा दिला, तर ते म्हणाले, "लाकडी आहे का?" चुंबकापाशी लोखंड चालत नाही, त्याची सवय. मी लाकडी उलथनं दिलं. त्यांनी ओली माती अलगद बाजूला केली. आत तांदळाचे कण होते, काही कोंब आलेले मूग होते, दोन-चार फुगून फुटलेले घेवडे होते. आणि घेवड्याचे बाकीचे दाणे. पुष्कळ. ओल्या मातीत इतके दिवस बुडून, रोजचं पाणी पिऊनही जसेच्या तसे. बारके, टणक, तुकतुकीत. नदीतला गोटा पुसून ठेवावा तसे.

काकांनी एक दाणा उचलला, शर्टाला पुसला आणि नखाने दाबला. नख वाकलं.

"सापडले," नवरा म्हणाला. "सुटला प्रश्न."

मलाही तसंच वाटलं. मोकळं वाटून मी पुन्हा चहा टाकायला वळले. पण काका तिथेच बसून होते. ते सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरचा घेवडा निवडता तेव्हा त्यातले पण इथेच टाकता?"

"मग काय वेगळी कुंडी करू?"

"म्हणजे यातले माझे कुठले, तुमचे कुठले?"

सासूबाईंनी वाकून कुंडीत बघितलं. मग म्हणाल्या, "आपण दुकानातून आणतो त्या घेवड्यात इतके निघत नाहीत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मागच्या वेळी निघाले होते खरे." आणि आणखी थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात, "भावजी, मला खरंच आठवत नाही हो."

काका म्हणाले, "असू द्या. मलाही."

त्यांनी कुंडी आणि डबा, दोन्ही संस्थेत न्यायचं ठरवलं. मी म्हटलं, मीही येते, डबा माझ्या घरात होता हे मी सांगायला हवं. सासूबाईंनी यायला नकार दिला. "मी गेले तर तिथे मलाच नळीत घालतील." पण निघताना काकांच्या शर्टाची बटणं त्यांनीच नीट लावून दिली, आणि काका लहान मुलासारखे मान वर करून उभे राहिले. जिन्यात काकू भेटल्या. तोंडातल्या टाचण्या काढून त्यांनी कुंडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि नेहमीसारखा टोमणा न मारता नुसतं "जेवायला या" म्हणाल्या.

बसमध्ये काकांनी कुंडी मांडीवर धरली होती. समोरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "कसलं झाड आहे?" काका म्हणाले, "अजून माहीत नाही."

संस्थेतली ती खोली मी पहिल्यांदाच बघत होते. इतकी वर्षं ऐकलेली जागा, आणि माझ्या डोक्यात ती इस्पितळासारखी होती. तिथे ओट्यासारखा ओटा होता, बेसिन होतं, चाळण्या होत्या, भिजत घातलेल्या वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. कुणाच्या तरी मोठ्या स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटलं, फक्त फोडणीचा वास नव्हता. दारापाशी टोपली होती. त्यात मी किल्ल्या, घड्याळ, केसातल्या पिना काढून ठेवल्या. केस सुटले. काचेपलीकडे यंत्र, त्याच्या अलीकडे जमिनीवर पिवळा पट्टा. पट्ट्यापलीकडे लोखंड न्यायचं नाही, आणि मातीतही लोखंड असतं म्हणून कुंडी अलीकडेच राहिली. काकांनी कुंडी खाली ठेवली, पट्ट्याला पाय लागणार नाही असं बघून.

खुर्ची रिकामी होती. पाठीला काकूंनी शिवलेली उशी होती. काका तिच्यात बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी पडद्यावर जुनी चित्रं लावून मला दाखवली. एक दाणा, काळा. मग डोळ्यापाशी पांढरा ठिपका. मग सालीखाली धावलेला धागा. शेवटी सगळा उजळलेला. शेजारी दुसरा दाणा, पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत काळा. "हा आधीचा," ते म्हणाले. "हा मी काढलाय. हे तरी मला नीट आठवतंय."

मॅडम आल्या. बाह्या वर दुमडलेल्या, हाताला पीठ. कुंडी बघून थबकल्या. "काका, तुम्हाला आज घरी थांबा म्हटलं होतं ना?"

"थांबलो होतो, मॅडम. मग हे निघालं."

मी सगळं सांगितलं. सांगताना माझ्याच लक्षात आलं की ते किती विचित्र वाटतंय. डबा, फळी, नणंद, तांदूळ, सासूबाईंची बोटं. मॅडम मध्ये एकदा हसल्या, पण वाईट हसणं नव्हतं. त्यांनी कुंडीतला एक दाणा घेऊन उजेडात धरला.

"यातले आपले कुठले?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," काका म्हणाले.

"तुमच्या घरचेही यातच आहेत?" हे मला.

"हो."

"आणि आजींना आठवत नाही."

"नाही."

"मग काका, यावरून आपल्याला नक्की काय म्हणता येईल?"

मला वाटलं, आता काकांनी जोरात बोलावं. म्हणावं, इतके गणंग दुकानाच्या घेवड्यात कधी असतात का. मी तोंड उघडलंही होतं. पण काका म्हणाले, "नक्की काहीच नाही, मॅडम. त्या दिवशी डबा उघडला गेला असेल. नसेलही. निवडले असतील, किंवा मीच काहीतरी केलं असेल. सकाळपासून मी आठवतोय, आणि जितकं आठवतो तितकं पुसट होतंय."

"माझा तुमच्यावर अविश्वास नाही, काका."

"माझा आहे," काका म्हणाले. "तेवढंच अडतंय."

मॅडमनी दाणा पुन्हा मातीवर ठेवला. बेसिनचा नळ थेंब थेंब गळत होता, आणि काचेपलीकडे यंत्र एका लयीत टकटक करत होतं, कुणीतरी पेराने दार वाजवत असल्यासारखं. मॅडम बहुतेक काहीतरी समजुतीचं बोलणार होत्या. काकांनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी हात जरासा वर केला, थांबा म्हणतात तसा.

"मॅडम, खुर्चीचं तुम्ही नंतर ठरवा. ज्याला बसवायचं त्याला बसवा, मी नमुने भिजवीन. फक्त आज हे कुंडीतले दाणे धुऊन, डब्यातल्या भिजवलेल्या दाण्यांबरोबर एकाच नळीत ठेवून मला एकदा चित्र काढू द्या. कुठले कुणाचे ते कळणार नाही, पण काळा दाणा काळा आणि उजळ दाणा उजळ मला अजून नीट टिपता येतो का, तेवढं कळेल."